माकडतापाचा अहवाल कितपत खरा?

काजूचा हंगाम आणि माकडतापाचा हंगाम एकाच वेळी येतात. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोव्यातल्या सत्तरी भागातली माणसे दिवसच्या दिवस काजूच्या बागांत आणि लगतच्या रानात असतात. बोंडे गोळा करायला वाकतात, दमली की पाचोळ्यातच बसतात. त्याच पाचोळ्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारी गोचिडीची पिल्ले असतात. विषाणू असलेली एखादी गोचीड चावली, तर तीन ते आठ दिवसांत अचानक थंडी वाजून ताप भरतो, डोके ठणकते, कंबर आणि पोटऱ्या दुखून माणूस आडवा होतो. आरोग्य केंद्रात रक्त घेतात, नळीवर नाव लिहितात, नमुना तपासणीला जातो. काही दिवसांनी अहवाल येतो : पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह.

या एका शब्दावर बरेच काही ठरते. माकडतापावर नेमके औषध नाही, पण निदान झालेल्या रुग्णाचा रक्तदाब, प्लेटलेट आणि रक्तस्राव यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवता येते. लागण झालेल्यांपैकी तीन ते पाच टक्के रुग्ण दगावतात, म्हणून ही देखरेख मोलाची. शिवाय गावात एक जरी रुग्ण सापडला, तरी रानात जाणाऱ्यांना गोचीड दूर ठेवणारे तेल वाटायचे, मेलेल्या माकडांचा शोध घ्यायचा, त्या परिसरात फवारणी करायची, हे सगळे सुरू होते. निगेटिव्ह आला तर यातले काहीच होत नाही, रुग्ण बरे वाटताच पुन्हा बागेत जातो. मग हा शब्द किती भरवशाचा आहे, हे कोण तपासते आणि कसे?

हा रोग ओळखू आला तोच मुळी प्रयोगशाळेच्या चिकाटीमुळे. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली, पाठोपाठ आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे लोक तिथे पोचले. हे केंद्र १९५२ मध्ये सुरू झाले होते, पुढे १९७८ मध्ये त्याचीच राष्ट्रीय विषाणू संस्था झाली. तेव्हा सर्वांत मोठी धास्ती होती पीतज्वराची. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत जंगलातल्या माकडांपासून डासांमार्फत माणसात येणारा हा रोग भारतात शिरला असता, तर हाहाकार झाला असता. पण विषाणू उंदराच्या पिल्लांत वाढवून त्याची प्रतिपिंडांशी गाठ घालून पाहिली, तेव्हा तो पीतज्वराचा निघाला नाही. त्याचे नाते निघाले थेट रशियातल्या, गोचिडीमुळे पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूंशी. डासाऐवजी गोचीड शोधायची, हे त्या निकालानेच सांगितले. चाचणी चुकली असती, तर सगळी यंत्रणा डासांच्या मागे धावली असती. पुढे वर्षानुवर्षे हा रोग त्याच भागात राहिला आणि २०१२ नंतर पश्चिम घाटात पसरत गेला : बंदीपूर, निलगिरी, वायनाड, २०१५ मध्ये सत्तरीतले पाळी गाव, २०१६ मध्ये दोडामार्ग.

आज माकडतापाच्या दोन मुख्य चाचण्या आहेत. आरटी-पीसीआर रक्तात विषाणूचा आरएनए शोधते. एलायझा शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली आयजीएम प्रतिपिंडे शोधते. दोन्ही चांगल्या आहेत, पण दोघींची वेळ वेगळी. तापाच्या पहिल्या दिवसापासून साधारण आठवडा-दहा दिवस रक्तात विषाणू भरपूर असतो, पीसीआर त्याला पकडते. नंतर तो ओसरतो. प्रतिपिंडे मात्र चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतात आणि पुढे काही महिने राहतात. दुसऱ्याच दिवशी घेतलेल्या रक्ताची फक्त एलायझा केली, तर माणूस आजारी असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. काही रुग्णांना आठवडा-दोन आठवडे बरे वाटून ताप उलटतो, या वेळी मान ताठरणे, बोलण्यात असंबद्धता अशी मेंदूची लक्षणे घेऊन. अशा वेळी पीसीआर हमखास हुकते, कारण रक्तातला विषाणू केव्हाच गेलेला असतो. म्हणजे एकच रुग्ण, एकच रोग, दोन्ही चाचण्या निर्दोष, तरी चुकीच्या दिवशी चुकीची चाचणी केली की अहवाल खोटा ठरतो. नमुन्याबरोबर जाणाऱ्या फॉर्मवर ‘ताप केव्हा सुरू झाला’ हा रकाना असतो. माझ्या मते त्या कागदावरचा सर्वांत महत्त्वाचा रकाना तोच, आणि घाईत कोरा राहतो तोही बहुधा तोच.

नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंतही बरेच काही बिघडू शकते. आरएनए हा फार नाजूक रेणू. रक्त उन्हात राहिले, बर्फ वितळला, तर तो तुटत जातो. रक्त गोठू नये म्हणून नळीत रसायन घातलेले असते. त्यात हेपॅरिन असले तर ते पीसीआरची क्रियाच रोखते, म्हणून या कामाला ईडीटीएची नळी किंवा साधी सीरमची नळी वापरतात. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर पडले तरी असाच अडथळा येतो. म्हणून चांगल्या पीसीआरमध्ये विषाणूच्या जोडीला माणसाच्या पेशीतला एक नेहमी सापडणारा जनुकही शोधतात. याला अंतर्गत कंट्रोल म्हणतात. विषाणू मिळाला नाही आणि माणसाचा जनुकही मिळाला नाही, तर अहवाल ‘निगेटिव्ह’ असा देताच येत नाही. ‘नमुना अयोग्य, पुन्हा पाठवा’ असे लिहावे लागते. शिवाय प्रत्येक फेरीत नक्की विषाणू असलेली एक नळी आणि नुसते पाणी घातलेली एक नळी ठेवतात. पाण्याच्या नळीत विषाणू दिसला, तर प्रयोगशाळेतच कुठून तरी मिसळ झाली आहे. मग त्या फेरीतले सगळे अहवाल थांबवावे लागतात, गर्दी कितीही असो.

एलायझा जवळून पाहिली की कळते, हो-नाहीच्या मागे केवढा निर्णय दडलेला असतो. छोट्या छोट्या ९६ खळग्यांची प्लास्टिकची थाळी असते. प्रत्येक खळग्याच्या तळाशी माणसाचे आयजीएम पकडून ठेवणारी प्रतिपिंडे आधीच चिकटवलेली असतात. त्यावर रुग्णाचे पातळ केलेले रक्तजल टाकायचे, थांबायचे, धुवायचे. मग माकडतापाच्या विषाणूचे प्रतिजन टाकायचे. रुग्णाच्या आयजीएमपैकी काही माकडतापाविरुद्धचे असले, तर ते प्रतिजन तिथेच धरून ठेवतात. पुन्हा धुवायचे. मग त्या प्रतिजनाला चिकटणारे, विकर जोडलेले रसायन, पुन्हा धुणे आणि शेवटी रंगद्रव्य. खळगे निळे पडू लागतात, आम्ल टाकताच पिवळे होतात आणि यंत्र प्रत्येक खळग्यातून ४५० नॅनोमीटरचा प्रकाश सोडून पिवळेपणा आकड्यात मोजते. धुण्यात हयगय झाली तर न चिकटलेले रसायन मागे राहते आणि निगेटिव्ह खळगाही पिवळसर दिसतो. पिवळेपणा तर सगळ्याच खळग्यांत थोडाफार असतो. कुठल्या आकड्याच्या वर ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचे? ही कट-ऑफची रेषा निसर्ग आखून देत नाही, ती माणसे ठरवतात. खाली आणली तर एकही रुग्ण सुटत नाही, पण निरोगी माणसेही जाळ्यात येतात. वर नेली तर निरोगी सुटतात, पण हलकी लागण झालेले निसटतात. नवी चाचणी तयार होते तेव्हा शेकडो नमुन्यांवर ही रेषा वरखाली सरकवून पाहतात आणि कुठली चूक परवडेल, याचा विचार करून ती पक्की करतात. माकडतापासारख्या रोगात मला तरी पहिली चूक, म्हणजे काही निरोगी माणसे जाळ्यात येणे, परवडण्यासारखी वाटते. त्यांची दुसरी तपासणी करता येते, सुटून गेलेल्या रुग्णाची नाही.

एलायझाची दुसरी अडचण म्हणजे भाऊबंद विषाणू. माकडताप, डेंग्यू, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल, झिका हे सगळे एकाच कुळातले, फ्लॅव्हिव्हायरस. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्यालाही थोडीफार चिकटतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात डेंग्यू होऊन गेलेली माणसे कमी नाहीत. अशा माणसाच्या रक्तात माकडतापाची चाचणी खोटे पॉझिटिव्ह दाखवत नाही ना, हे मुद्दाम तपासावे लागते. त्यासाठी ज्यांना नक्की डेंग्यू झाला होता, नक्की जपानी मेंदूज्वर झाला होता, अशा रुग्णांची जुनी रक्तजले थाळीत लावून पाहतात. त्यांत लेप्टो, स्क्रब टायफस, चिकनगुनिया यांच्या रुग्णांचीही भर घालतात. त्यांचे कूळ वेगळे असले, तरी दवाखान्यात तापाचा माणूस येतो तेव्हा डॉक्टरांच्या मनात याच रोगांची नावे असतात.

आता खरा गाभ्याचा प्रश्न. चाचणी बरोबर की चूक हे ठरवायचे, तर प्रत्येक नमुन्याचे खरे उत्तर आधी ठाऊक हवे. ते कुठून आणायचे? जुना खात्रीचा मार्ग म्हणजे जिवंत विषाणू वाढवून दाखवणे, पेशींच्या थरावर किंवा उंदराच्या पिल्लांत. दुसरा मार्ग, रुग्णाचे रक्तजल जिवंत विषाणूत मिसळून ते पेशींवर टाकायचे आणि पेशी मेल्यामुळे पडणारी भोके किती कमी झाली ते मोजायचे. ही चाचणी भाऊबंद विषाणूंमध्ये बऱ्यापैकी फरक करते. पण दोन्हींना दिवस लागतात आणि जिवंत विषाणू हाताळायला कडेकोट बंदोबस्ताची प्रयोगशाळा लागते. माकडतापाच्या विषाणूने पूर्वी प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही आजारी पाडले आहे. म्हणून हे काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या मोजक्याच ठिकाणी होते. शिवाय विषाणू वाढला नाही म्हणजे तो नव्हताच, असेही म्हणता येत नाही. वाटेत मेला असेल. खात्रीची म्हणून मानलेली चाचणीही पूर्ण खात्रीची नसते, आणि नव्या चाचणीला तिच्यापेक्षा बरोबर ठरण्याची वाटच बंद होऊ नये, म्हणून दोन-तीन चाचण्यांचे निकाल आणि रुग्णाची लक्षणे एकत्र पाहून खरे उत्तर ठरवतात.

प्राण्यांपासून येणाऱ्या विषाणूंच्या बाबतीत आणखी एक जाचक अडचण आहे : खात्रीचे नमुनेच थोडे असतात. साथ एका तालुक्यात येते, दोन-तीन महिन्यांत ओसरते, शीतकपाटात उरतात वीस-पंचवीस नळ्या. एखाद्या नव्या किटने त्यातल्या वीसपैकी वीस नमुने ओळखले, की जाहिरातीत ‘१०० टक्के संवेदनशीलता’ असे छापून येते. संख्याशास्त्राने हिशेब केला तर वीसपैकी वीसचा अर्थ एवढाच निघतो, की खरी संवेदनशीलता ८३ टक्के इतकी कमीही असू शकते. म्हणजे सहा रुग्णांतला एक सुटू शकतो. आकडा १०० असला तरी त्याच्यामागे किती नमुने होते हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ते नमुने कोणाचे होते, हेही विचारायला हवे. रुग्णालयात गंभीर अवस्थेत दाखल झालेल्यांच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, तिथे साधी चाचणीही उत्तम दिसते. निरोगी रक्तदात्यांच्या रक्तात गोंधळ घालणारे काही नसते, तिथे ती निर्दोष दिसते. तिची परीक्षा होते ती काजूच्या बागेतून आलेल्या, तिसऱ्या दिवशी रक्त दिलेल्या, मागच्या पावसाळ्यात डेंग्यू होऊन गेलेल्या माणसावर.

यापुढचा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन करून पाहावा असा आहे. समजा, एका चाचणीची संवेदनशीलता ९५ टक्के, म्हणजे १०० बाधितांपैकी ९५ जणांना ती पकडते. आणि विशिष्टता ९५ टक्के, म्हणजे बाधित नसलेल्या १०० पैकी ९५ जणांना ती बरोबर निगेटिव्ह सांगते. चाचणी चांगलीच म्हणायची. साथ ऐन भरात आहे, तापाचे १००० रुग्ण आले, त्यांतले ३०० खरोखर माकडतापाचे. चाचणी २८५ खरे रुग्ण पकडते, उरलेल्या ७०० पैकी ३५ जणांना चुकून पॉझिटिव्ह म्हणते. ३२० पॉझिटिव्ह अहवालांपैकी २८५ खरे, म्हणजे १०० तले ८९. आता हीच चाचणी जूनमध्ये, साथ ओसरल्यावर. १००० तापाच्या रुग्णांत माकडतापाचे फक्त २०. त्यांतले १९ सापडतात. बाकीच्या ९८० पैकी ४९ चुकून पॉझिटिव्ह. एकूण ६८ पॉझिटिव्ह, खरे १९. चार अहवालांतले जवळपास तीन खोटे! किट तेच, तंत्रज्ञ तोच, थाळी तीच. बदलले ते फक्त गावातल्या रोगाचे प्रमाण. म्हणून साथ नसलेल्या भागात पहिला पॉझिटिव्ह अहवाल आला, की दुसऱ्या पद्धतीच्या चाचणीने त्याची खातरजमा करायची आणि मगच जाहीर करायचा, असा शिरस्ता असतो. लोकांना तो विलंब वाटतो. तो विलंब समर्थनीय आहे.

एक चूक मात्र कुठल्याही टक्केवारीत बसत नाही : चाचणी खरे सांगत असते, पण विचारलेल्या प्रश्नापुरतेच. मलेशियात १९९८च्या सप्टेंबरपासून इपोहजवळच्या वराहपालकांना मेंदूज्वर होऊ लागला. काही रुग्णांच्या रक्तात जपानी मेंदूज्वराची प्रतिपिंडे सापडली आणि निदान ठरून गेले. डासांसाठी धूर फवारणी झाली, लोकांना लस दिली गेली. तरी माणसे मरतच राहिली. निकालाशी न जुळणाऱ्या खुणा समोरच होत्या. जपानी मेंदूज्वर मुख्यतः मुलांना होतो, इथे आजारी पडत होते ते डुकरांची देखभाल करणारे मोठे पुरुष. लस घेतलेलेही आजारी पडत होते. आणि डुकरेही खोकत, धापा टाकत मरत होती. जपानी मेंदूज्वर असलेल्या भागात त्याची प्रतिपिंडे अनेकांच्या रक्तात असतातच, ती या आजाराचे कारण नव्हती. मार्च १९९९ मध्ये मलाया विद्यापीठातले विषाणूतज्ज्ञ चुआ काव बिंग यांनी सुंगाई निपाह गावच्या रुग्णाच्या नमुन्यातून पेशींमध्ये विषाणू वाढवला, तेव्हा पेशी एकमेकींत मिसळून मोठे गोळे झालेले दिसले. जपानी मेंदूज्वराचा विषाणू असे करत नाही. चुआ ते नमुने घेऊन अमेरिकेला गेले आणि निपाह विषाणू जगाला कळला. साथ संपेपर्यंत २६५ जणांना लागण आणि १०५ मृत्यू, दहा लाखांहून अधिक डुकरांची कत्तल. चाचणीच्या निकालाशी रुग्णाचे वय, व्यवसाय आणि गोठ्यातले प्राणी जुळत नसतील, तर आधी निकालावर संशय घ्यायचा, हा या साथीचा धडा आहे आणि तो फार महाग पडला.

आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला २००६च्या फेब्रुवारीत कोंबड्या हजारोंनी मेल्या, तेव्हाही ही मर राणीखेत रोगाची असेच आधी समजले जात होते. राणीखेतचा विषाणू आणि बर्ड फ्लूचा विषाणू दोघेही कोंबडीच्या तांबड्या पेशींची एकमेकींना चिकटून जाळी करतात, त्यामुळे तेवढ्या एका चाचणीत दोघे सारखेच दिसतात. ज्याच्या प्रतिपिंडाने हे चिकटणे थांबते तो कोण, हे पाहिल्यावरच फरक कळतो. भोपाळच्या अतिसुरक्षित पशुरोग प्रयोगशाळेने तो बर्ड फ्लू असल्याचे सांगितले, भारतातला पाळीव कोंबड्यांमधला पहिलाच. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. एवढा निर्णय ज्या निकालावर घ्यायचा, तो पक्का करायला प्रयोगशाळेने वेळ घेतला तर तक्रार करू नये.

एवढे सगळे करून चाचणी चांगली ठरली, तरी ती चालवणारी प्रयोगशाळा चांगली आहे हे कसे कळणार? दुकानदाराच्या तराजूवर आणि वजनांवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, ठरलेल्या मुदतीने तो पुन्हा मारून घ्यावा लागतो. चाचणीच्या बाबतीत हे काम गुप्त नमुने करतात. एक मोठी संदर्भ प्रयोगशाळा दहा-बारा नळ्यांचा संच तयार करते. काहींत विषाणू जास्त, काहींत इतका थोडा की चाचणीच्या मर्यादेवर यावा, काहींत नुसताच भाऊबंद विषाणू, काही पूर्ण कोऱ्या. गॅमा किरणांनी किंवा रसायनाने विषाणू आधीच मारलेला असतो, म्हणजे टपालाने पाठवायला धोका नसतो. नळीवर फक्त क्रमांक. उत्तर पाठवणाऱ्यालाच ठाऊक. देशभरातल्या प्रयोगशाळा आपल्या नेहमीच्या पद्धतीने त्या तपासतात, निकाल परत पाठवतात आणि मग कोणी काय चुकवले ते उघड होते. युरोपात १९९५ साली सुरू झालेले विषाणू प्रयोगशाळांचे एक जाळे असे संच आपसांत फिरवत आले आहे. कोविडच्या काळात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही प्रयोगशाळांचे निकाल वरच्या प्रयोगशाळांकडून पडताळून घेण्याची व्यवस्था उभारली. वैद्यकीय प्रयोगशाळांच्या मान्यतेचे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १५१८९, त्यातही अशी तुलना बंधनकारक आहे. प्रयोगशाळेच्या दाराशी मान्यतेचे प्रमाणपत्र टांगलेले असते. पण ते माकडतापाच्या चाचणीसाठी आहे की फक्त साखर आणि कोलेस्टेरॉलसाठी, हे त्याच्या जोडपत्रात पाहावे लागते.

प्राण्यांच्या नमुन्यांची गोष्ट आणखी अवघड. माकडतापात माकडांचा मृत्यू ही पहिली धोक्याची घंटा, पण रानात मेलेले माकड सापडते ते बहुधा दोन-तीन दिवसांनी, कुजलेले. त्याच्या मेंदूत किंवा यकृतात आरएनए शिल्लक राहिलेला नसतो. अशा माकडाचा निगेटिव्ह अहवाल कोणाच्याही काळजीचे कारण दूर करत नाही. माणसाच्या आयजीएमला पकडणारे रसायन माकडाच्या किंवा वटवाघळाच्या प्रतिपिंडांना तितकेच पकडेल याचीही खात्री नसते. प्रत्येक प्रजातीसाठी रेषा नव्याने आखावी लागते. गोचिडी तर पाच-पन्नास एकत्र कुटून तपासतात, त्यात एकच बाधित असली तर बाकीच्यांच्या गर्दीत ती हरवू नये हे पाहावे लागते. जागतिक प्राणी आरोग्य संघटनेने चाचणी प्रमाणित करण्याचे चार टप्पे घालून दिले आहेत : आधी प्रयोगशाळेतली क्षमता, मग खऱ्या बाधित-अबाधित प्राण्यांवरची अचूकता, मग वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तोच निकाल येतो का, आणि शेवटी प्रत्यक्ष वापरात ती टिकते का. माणसांचे नमुने आरोग्य खात्याकडे, जनावरांचे पशुसंवर्धन खात्याकडे, मेलेल्या माकडाचा पंचनामा वन खात्याकडे, ही आपली विभागणी. विषाणू मात्र तिन्हींकडे तोच असतो. तिन्हींच्या प्रयोगशाळांना एकच गुप्त संच दरवर्षी पाठवला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

एक आशादायक गोष्ट आपल्याच भागातली आहे. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे छोटे पीसीआर यंत्र क्षयरोगासाठी देशभर पोचले आहे. त्यावर चालणारी माकडतापाची चाचणीही आली आणि तिची पारख पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झाली. तालुक्याच्या ठिकाणी तासा-दोन तासांत उत्तर मिळणे म्हणजे नमुना बर्फात घालून दूर पाठवण्याचे आणि वाट पाहण्याचे दिवस वाचणे. हा फरक किती मोठा असतो, हे निपाहने दाखवले आहे. २००१ मध्ये सिलिगुडीत ६६ जणांना लागण होऊन ४५ मृत्यू झाले, पण तो निपाह होता हे शास्त्रीय नियतकालिकात २००६ मध्ये आले. २०१८ मध्ये कोळिकोडला मात्र पहिले काही रुग्ण दगावल्यावर लगेच मणिपालच्या प्रयोगशाळेने निपाह ओळखला, पुण्याने दुजोरा दिला आणि साथ २३ रुग्णांवर आटोक्यात आली. तालुक्याला आलेल्या यंत्राचीही मात्र वर्षानुवर्षे तपासणी व्हायला हवी. विषाणूचा आरएनए बदलत राहतो. पीसीआर ज्या जनुकाच्या तुकड्यावर बेतलेली असते तिथेच बदल झाला, तर कालची उत्तम चाचणी उद्या आंधळी होते. खेड्यातला तंत्रज्ञ बदलला, खोलीतले तापमान चढले, रसायनाची नवी खेप आली, तरी निकाल ढळू शकतो.

रानालगत राहणाऱ्या वाचकांना म्हणून दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. ताप आल्यावर रक्त देताना तो कोणत्या दिवशी सुरू झाला, आधीच्या आठवड्यात रानात किंवा बागेत गेला होता का, परिसरात माकड मेले आहे का, हे न विचारता सांगा आणि फॉर्मवर लिहून घ्या. आणि पहिला अहवाल निगेटिव्ह आला, तरी ताप उतरत नसेल किंवा उतरून पुन्हा चढला असेल, तर चार-पाच दिवसांनी दुसरा नमुना द्या, डॉक्टरांनी मागितला नाही तरी आठवण करून द्या.